सूरजागडच्या हिशेबातून निसटलेली आमरी

गडचिरोली जिल्ह्यातील सूरजागड परिसरात लोहखनिजाच्या शुद्धीकरण प्रकल्पासाठी ९३७ हेक्टर वनजमीन देण्याची शिफारस केंद्रीय वनसल्लागार समितीने मे २०२५ मध्ये केली, तेव्हा सर्वांत अधिक गाजला तो तोडावयाच्या झाडांचा आकडा. सुमारे १ लाख २३ हजार झाडे! विरोधकांनी हा आकडा संतापाने उच्चारला. समर्थकांनी त्याच्या कित्येक पट रोपे लावण्याचे आश्वासन पुढे करून तो बोथट केला. वाघांच्या संचारमार्गाचाही प्रश्न निघाला आणि तो निघणे योग्यच होते. परंतु झाड म्हणजे एक नग, हे दोन्ही बाजूंनी गृहीतच धरले होते. एक झाड गेले, त्याऐवजी पाच आली, म्हणजे चार नफ्यात, हे अंकगणित एकदा मान्य केले की पुढे बोलण्यासारखे फारसे काही उरत नाही. ते कोठे चुकते हे पाहावयाचे असेल, तर काही काळ झाडावरची नजर काढून झाडाच्या अंगावर जे वाढते तिकडे ती वळविणे उपयोगी ठरेल.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनांत मोह, ऐन, आंबा अशा झाडांच्या खोडांवर आणि जाड फांद्यांवर पन्हळीसारख्या दुमडलेल्या, चिवट पानांची एक वनस्पती आढळते. तिची पांढरट, दोरीसारखी मुळे सालीला घट्ट बिलगलेली असतात. काही नुसतीच हवेत लोंबतात. फुले मोजकीच, पण लक्षात राहणारी: पिवळसर पाकळ्यांवर तपकिरी जाळी आणि मधोमध निळसर जांभळा ओठ. हीच रास्ना, शास्त्रीय नाव वांडा टेसेलाटा. ऑर्किड कुळातील, म्हणजे मराठीत ज्यांना आमरी म्हणतात त्या वनस्पतींपैकी, पूर्व विदर्भात सर्वांत परिचित अशी हीच म्हणावी लागेल. पुष्कळ लोक तिला बांडगूळ समजतात. तो तिच्यावर उघड अन्याय आहे. बांडगूळ झाडाचा रस शोषते. आमरी झाडाकडून फक्त बसावयास जागा घेते. पाणी पावसाचे आणि दवाचे, अन्न सालीच्या भेगांत साचलेल्या पालापाचोळ्याच्या मातीतले. गंमत अशी की 'वांडा' हे वंशनामही परक्या वृक्षावर वाढणाऱ्या वनस्पतीच्या संस्कृत नावावरूनच आलेले आहे. १७९५ मध्ये सर विल्यम जोन्स यांनी ते पाश्चात्त्य शास्त्रात नेले आणि ज्या जातीवरून या वंशाचे लक्षण निश्चित झाले ती जात हीच. पूर्वेकडील देशांतून विमानाने येणारी आणि मुंबई-पुण्याच्या फुलवाल्यांकडे महाग विकली जाणारी वांडाची संकरित फुले तिचेच दूरचे नातेवाईक होत.

मराठी वाचकाला आमरी म्हटले की आंबोली, महाबळेश्वर, कोयनेचे खोरे आठवते. एटापल्ली आठवत नाही. यामागे थोडा इतिहासही आहे. थिओडोर कूक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो प्रसिद्ध ग्रंथ सिद्ध केला, त्याच्या कक्षेत चांदा जिल्हा नव्हता, कारण तो मध्य प्रांतात मोडत होता. राज्याची सीमा बदलली, १९८२ मध्ये चांद्याचे दोन जिल्हे झाले, पण सह्याद्री म्हणजे फुलांचा आणि चांदा म्हणजे सागवानाचा, ही मनातली वाटणी तशीच राहिली. वस्तुतः या पूर्वेकडील पानगळीच्या वनांतही झाडांवर वाढणाऱ्या आमरींबरोबर जमिनीत कंद धरून राहणाऱ्या आमरी आहेत. अमरकंद म्हणून ज्यांचे कंद ओळखले जातात त्या युलोफिया वंशातल्या जाती त्यांपैकीच. उन्हाळ्यात त्यांचा मागमूस दिसत नाही. पहिल्या पावसानंतर त्या वर येतात. ज्याने मे महिन्यात पाहणी करून अहवाल लिहिला, त्याला त्या दिसणारच नाहीत.

आमरी जुन्या झाडावरच का आढळते, याचे उत्तर शास्त्राला सहजासहजी मिळाले नाही. चार्ल्स डार्विन यांनी १८६२ मध्ये आमरींच्या परागीकरणावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी एका सामान्य इंग्लिश आमरीच्या एका रोपाला १ लाख ८६ हजार ३०० बिया येतात असा हिशेब मांडला, आणि सर्व बिया रुजल्या तर त्या एका रोपाची पणतवंडे पृथ्वीवरची सगळी जमीन झाकून टाकतील असा निष्कर्ष काढला. मग तसे होत का नाही? या प्रश्नाचा उलगडा १८९९ मध्ये नोएल बर्नार या तरुण फ्रेंच शास्त्रज्ञाला झाला. आमरीचे बी धुळीच्या कणाएवढे असते. त्यात रोपासाठी अन्नाचा साठाच नसतो. विशिष्ट बुरशीचा धागा त्या बियात शिरला आणि त्याने त्याला पोसले तरच ते रुजते. म्हणजे सालीला भेगा हव्यात, भेगांत ओल हवी, ओलीत ती बुरशी हवी आणि वर ऊन गाळणारी सावली हवी. गुळगुळीत सालीच्या दहा वर्षांच्या रोपवनात हे सर्व एकत्र येत नाही. त्याला झाडाचे वय लागते. रुजल्यानंतरही फूल धरावयास आमरीला कित्येक वर्षे लागतात. लाखो बियांची ही उधळपट्टी करणारी वनस्पती प्रत्यक्षात अत्यंत सावकाश वाढणारी आणि जागेची अत्यंत चोखंदळ आहे.

येथे अर्थशास्त्राचा संबंध येतो. कारण जुने झाड ही वनखात्याच्या हिशेबात फार काळ तोट्याची बाब मानली गेली आहे. झाड ठरावीक वयापर्यंत जोमाने लाकूड धरते, पुढे वाढ मंदावते. ती मंदावली की त्यात गुंतलेल्या भांडवलावर पुरेसे व्याज सुटत नाही. म्हणून ते तोडावे आणि तेथे नवे लावावे, हे जर्मन वनशास्त्राने एकोणिसाव्या शतकात घालून दिलेले सूत्र. त्या वयापलीकडे गेलेले झाड कार्य-आयोजनेच्या भाषेत 'अतिपक्व' ठरते. आलापल्लीचे सागवान या सूत्राने देशभर गेले. बल्लारपूरच्या कागद गिरणीसाठी बांबू गेला. १९७४ मध्ये वनविकास महामंडळ स्थापन झाल्यावर मिश्र वन तोडून सागाची एकवयीन रोपवने उभी करण्याच्या कामाला वेग आला. खाणीच्या आधीही हे वन मनुष्याने बदललेलेच होते, हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. जुने वन कसे होते याचा नमुना म्हणून आलापल्लीजवळ सुमारे सहा हेक्टरांचा एक तुकडा राखला गेला आणि २०१४ मध्ये तो राज्याचा पहिला जैवविविधता वारसा म्हणून घोषित झाला. सहा हेक्टर! चौदा हजारांहून अधिक चौरस किलोमीटरांच्या जिल्ह्यात वारसा म्हणून जपावयास एवढी जागा निघाली.

तरीही रास्ना टिकली. ती कोठे टिकली हे पाहणे फार बोधप्रद आहे. ती टिकली बांधावरच्या मोहावर, गावाच्या आंब्यावर आणि देवाच्या जागेतल्या झाडावर. मोहाचे झाड चैत्राच्या सुमारास फुले देते आणि ती वेचून वाळविली की घरात पैसा येतो. पुढे त्याच्या बिया म्हणजे टोळी गोळा करून तेल निघते. अमुक मोह अमुक घराचा हे गावात सर्वांना ठाऊक असते, मग ते झाड कागदोपत्री सरकारचे असले तरी. लाकडाच्या हिशेबाने जे झाड 'अतिपक्व', ते मोहफुलांच्या हिशेबाने ऐन भरातले असते. म्हणून त्यावर कुऱ्हाड पडत नाही आणि कुऱ्हाड पडत नाही म्हणून त्यावरची आमरीही राहते. आमरीसाठी कोणी मोह राखलेला नाही. मोहासाठी मोह राखला गेला आणि आमरीला आयता आसरा मिळाला. मनुष्याने बदललेल्या प्रदेशात रानटी आमरी जगते ती अशी: जेथे एखादे झाड म्हातारे होण्यात कोणाचा तरी रोकडा किंवा श्रद्धेचा हितसंबंध गुंतलेला असतो तेथे.

अर्थात गावकरी म्हणजे निसर्गाचे निःस्वार्थ पुजारी, असे चित्र रंगविण्याचे कारण नाही. मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळला जातो आणि ती आग खोडावर चढते. सगळी फुले आणि सगळ्या बिया वेचल्या गेल्याने शेतातल्या मोहाखाली नवे रोप क्वचितच उभे राहते. जुने झाड पडले की बांध रिकामा होतो. रास्नेची मुळे औषधासाठी काढली जातात. आयुर्वेदातली रास्ना नेमकी कोणती यावर वैद्यांत जुना वाद आहे. अधिकृत औषधकोशाने वेगळीच वनस्पती मानली आहे, पण बंगालात आणि अन्यत्रही वांडाचीच मुळे रास्ना म्हणून चालत आली. महारास्नादि काढ्याची बाटली विकत घेणाऱ्याला या वादाची गंधवार्ता नसते. म्हणजे हा आसरा भक्कम नाही, आणि त्याचे खांबही म्हाताऱ्या झाडांचे आहेत. पण आज जो आहे तो एवढाच आहे.

या पार्श्वभूमीवर सूरजागडचा व्यवहार तपासला पाहिजे. चांद्याच्या लोखंडाची कीर्ती जुनी आहे. जमशेटजी टाटा यांना पोलादाच्या कारखान्याची कल्पना पहिल्याने सुचली ती १८८२ च्या सुमारास चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील खनिजावरचा एका जर्मन भूशास्त्रज्ञाचा अहवाल वाचून. वरोऱ्याचा कोळसा त्या कामाला उपयोगी पडला नाही, नाहीतर टाटानगर कदाचित विदर्भात वसले असते. सूरजागडच्या पहाडावर लॉइड्स मेटल्स या कंपनीला सुमारे ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा २००७ मध्ये मिळाला. खोदकाम सुरू व्हावयास २०१६ उजाडले, त्याच वर्षीच्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी वाहतुकीची वाहने मोठ्या संख्येने जाळली, मध्ये काम थांबले आणि २०२१ पासून ते पुन्हा वेगाने सुरू झाले. वर्षाला ३० लाख टनांची परवानगी २०२३ मध्ये १ कोटी टनांवर गेली आणि नंतरही वाढत गेली. त्याच वर्षी परिसरातील आणखी सहा पट्ट्यांचे लिलाव झाले; त्याच वर्षी तोडगट्टा येथे या खाणींविरुद्ध गावकरी कित्येक महिने ठिय्या देऊन बसले होते. २०२५ मध्ये हेडरीपासून कोनसरीच्या कारखान्यापर्यंत सुमारे ८५ किलोमीटर लांबीची नळवाहिनी सुरू झाली. खनिजाची भुकटी पाण्याबरोबर वाहून नेणाऱ्या या नळामुळे मालमोटारींची रहदारी आणि रस्त्याकडेच्या झाडांवर बसणारी तांबडी धूळ काही अंशी तरी कमी व्हावी, ही गोष्ट नोंदविली पाहिजे.

वन देताना सरकार त्याची किंमत घेत नाही असे नाही. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली, ज्याचे नाव २०२३ मध्ये बदलले, वनजमिनीचे 'निव्वळ वर्तमान मूल्य' भरावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या कांचन चोप्रा समितीने या मूल्याची पद्धत सुचविली. लाकूड, वनोपज, चारा, कार्बन, औषधी शक्यता, वाघासारख्या ठळक प्राण्यांचे अस्तित्व असे अनेक घटक तिने विचारात घेतले. २००८ मध्ये हे दर हेक्टरी ४ लाख ३८ हजार ते १० लाख ४३ हजार रुपये ठरले. जानेवारी २०२२ मध्ये ते वाढवून साडेनऊ लाखांपासून सोळा लाखांच्या जवळपास नेण्यात आले. सर्वांत वरचा दर धरला तरी ९३७ हेक्टरांचे मूल्य दीडशे कोटींच्या आत बसते. टनाला अवघे हजार रुपये धरले तरी १ कोटी टन खनिज वर्षाला हजार कोटींचे होते. या दोन आकड्यांत कोण जिंकणार हे सांगावयास अर्थशास्त्राच्या पदवीची आवश्यकता नाही.

याच्या जोडीला पर्यायी वनीकरण असते. क्षीण वनजमिनीवर ते करावयाचे झाल्यास दुप्पट क्षेत्रावर करावे लागते आणि हेक्टरी हजार रोपांचे प्रमाण सर्वसाधारण मानले जाते. सूरजागडच्या प्रस्तावात हेक्टरी सरासरी १३० झाडे जातात. तेव्हा कागदावर वनाची हानी होण्याऐवजी भरभराटच दिसते. हा हिशेब खोटा नाही. त्यात एक रकाना नाही एवढेच. त्यात झाडाचा घेर नोंदविला जातो, कारण घेरावरून लाकूड किती ते कळते. पण वयाला, म्हणजे त्या झाडावर दुसऱ्यांनी जो संसार थाटलेला आहे त्याला, किंमत नाही. ऐंशी वर्षांच्या मोहाऐवजी ऐंशी रोपे लावून ऐंशी वर्षे मिळत नाहीत. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉन क्रुटिला यांनी १९६७ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात नेमका हाच भेद दाखविला होता. यंत्राने बनणाऱ्या वस्तू काळाबरोबर स्वस्त होत जातात, कारण तंत्र सुधारते. निसर्गाची घडण मात्र कोणत्याही तंत्राने पुन्हा बनविता येत नाही, म्हणून ती काळाबरोबर महाग होत जाते. आजच्या दराने दोहोंची तुलना करणारा हिशेब नेहमी पहिलीच्या बाजूने झुकतो. लोखंड पहाडात आणखी पन्नास वर्षे पडून राहिले तर लोखंडच राहील. वनाला मात्र थांबण्याची सवलत मिळत नाही.

कायदा या ठिकाणी मदतीला येईल अशी अपेक्षा करावी, तर तोही दुर्मिळतेचा भोक्ता आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वनस्पतींना स्थान मिळाले ते १९९१ मध्ये, आणि तेव्हा संरक्षित यादीत सहाच नावे आली. त्यांपैकी तीन आमरींची होती: निळी वांडा, तांबडी वांडा आणि पादुकेच्या आकाराच्या फुलांच्या आमरी. त्या प्रामुख्याने ईशान्येकडच्या आणि हिमालयाच्या. २०२२ च्या दुरुस्तीने ही यादी वाढली, पण खोडावर राहणाऱ्या साध्या रास्नेचे दैव त्यामुळे उजळले नाही. आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक करारात संपूर्ण आमरी कुळच १९७५ पासून आलेले आहे. परंतु तो करार सीमेवरून जाणाऱ्या मालाचा. खाणीसाठी तोडलेल्या ऐनाबरोबर जी आमरी वाळते ती कोणत्याही सीमेवरून जात नाही. आणि रास्ना दुर्मिळ नाही, हेच तिचे दुर्दैव. दुर्मिळ झाल्याशिवाय संरक्षण नाही आणि सर्वत्र असेपर्यंत मोजदाद नाही, अशा कात्रीत सामान्य वनस्पती सापडते. ती केव्हा दुर्मिळ झाली हे मग कोणालाच कळत नाही.

बाहेरच्या जगात या कात्रीतून वाट काढण्याचे प्रयत्न झाले आहेत आणि ते अभयारण्यांत नव्हे, तर पूर्णपणे बदललेल्या भूभागांत झाले आहेत. सिंगापूरने आपल्या दोनशेहून अधिक देशी आमरींपैकी बहुतेक सर्व गमावल्या होत्या. १९९५ पासून तेथील वनस्पती उद्यानाने उरलेल्या जातींच्या बिया प्रयोगशाळेत रुजवून रोपे रस्त्याकडेच्या मोठ्या झाडांवर बांधावयास प्रारंभ केला. आज तेथे वर्दळीच्या रस्त्यांवर, बसथांब्यांच्या डोक्यावर, देशी आमरी फुलतात. त्याच धर्तीवर अमेरिकेत फ्लोरिडातील फेअरचाइल्ड उद्यानाने मायामीच्या शाळांतून मुलांकडून रोपे वाढवून घेतली आणि शहरातील झाडांवर लावली. तेथील वनांतून शतकापूर्वी आमरी डबे भरभरून रेल्वेने नेल्या गेल्या होत्या. तुर्कस्तानात तर हंगेरियन संशोधकांना आमरींचा मोठा आसरा सापडला तो गावोगावच्या कबरस्थानांत, कारण तेथे नांगर फिरत नाही. तेथेही सालेप नावाच्या पेयासाठी कंद खणणारे पोहोचलेच आहेत. कबरस्थानाचे आणि देवराईचे शास्त्र एकच आहे. महाराष्ट्रातील देवराया वनस्पतींचे आश्रयस्थान कशा ठरतात, हे माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकातच दाखवून दिले होते. सूरजागडच्या पहाडावर ठाकूरदेवाचे स्थान आहे. दर जानेवारीत तेथे परिसरातील माडिया-गोंड गावांची यात्रा भरते आणि १८५८ मध्ये चांद्यात फाशी गेलेल्या बाबुराव शेडमाके यांचे स्मरण होते. त्या स्थानाला केवळ भावनेचा प्रश्न समजणारे अधिकारी वनस्पतिशास्त्रातला एक पुरावा दृष्टिआड करीत असतात.

मग सूरजागडला काय करता येईल? खाण होऊच नये असे म्हणणाऱ्यांची बाजू या लेखाच्या कक्षेबाहेरची नाही. ठाकूरदेवाच्या स्थानासारखी जागा कोणत्याही मूल्यावर वळती करू नये, कारण तिचे वय विकत मिळत नाही. परंतु जेथे तोडीचा निर्णय झालेलाच असेल तेथे हात बांधून बसण्याचेही कारण नाही. तोडलेल्या झाडावरची रास्ना सोडवून, सावलीत ठेवून, पावसाच्या तोंडावर दुसऱ्या जित्या झाडाला काथ्याने बांधली तर ती मूळ धरते. या कामाला प्रयोगशाळा लागत नाही. ईशान्येकडील काही जलविद्युत प्रकल्पांच्या आराखड्यांत आमरींसाठी अशी तरतूद झालेली आहे. फक्त ती रोपे प्रकल्पाच्या विश्रामगृहासमोरच्या शोभेच्या बागेत जाता कामा नयेत. ती गावच्या मोहांवर आणि आंब्यांवर गेली पाहिजेत, आणि त्या मोहांना राखण्यात गावाचे हित वाढले पाहिजे. जमिनीतल्या कंदांचे काय, या प्रश्नाला इतके सोपे उत्तर नाही. ते खणून हलविले तरी त्यांची बुरशी बरोबर येईलच असे नाही. रोपे हलविली म्हणजे वन हलविले, असा प्रचार होऊ लागला तर तो मूळ तोडीपेक्षा अधिक घातक ठरेल.

या कामासाठी यंत्रणा नवी उभारावयाची नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपल्या वनाचे आणि त्यातील जैवविविधतेचे रक्षण करण्याचा अधिकार दिला आहे. याच जिल्ह्यातील मेंढा गावाने २००९ मध्ये देशात प्रथम सामूहिक वनहक्क मिळविला. आज जिल्ह्यातील हजाराहून अधिक गावांकडे तो आहे. पैसाही आहे. २०१५ च्या खनिज कायद्यातील दुरुस्तीनुसार जुन्या खाणपट्टाधारकांना स्वामित्वधनाच्या तीस टक्क्यांइतकी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानाला द्यावी लागते, आणि त्या निधीच्या अग्रक्रमाच्या बाबींत पर्यावरणरक्षण आहे. या निधीतून बांधावरचा जुना मोह राखणाऱ्या कुटुंबाला वर्षाला ठरावीक रक्कम देणे, आणि मोहाखाली दोन-चार रोपांना कुंपण करून ती वाढू दिली तर आणखी काही देणे, हा खर्च एखाद्या सभागृहाच्या इमारतीहूनही कमी येईल. मात्र सभागृहावर कोनशिला बसविता येते, मोहावर येत नाही. ही अडचण खरी आहे.

या सर्वांवर एक आक्षेप अपेक्षित आहे. दरडोई उत्पन्नात राज्याच्या तळाशी असलेल्या जिल्ह्यात तरुणांना पहिल्यांदाच कायमची नोकरी मिळत असताना फुलांची काळजी करणे हा शहरी सुखवस्तूंचा छंद नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. एटापल्लीच्या मुलाला पगाराची नोकरी मिळू नये असे म्हणण्याचा अधिकार पगाराची नोकरी असलेल्या कोणालाही नाही. पण नोकरीच्या पारड्यात जे टाकले जाते ते पूर्ण मोजून टाकावे, ही मागणी त्या मुलाच्या विरुद्ध नाही. खाणीतले खनिज संपणारे आहे. ज्या घराचे चार मोह गेले आणि एक नोकरी आली, त्या घराचा पुढच्या पिढीचा ताळेबंद कोणी मांडलेला नाही. मोह त्या घरातील म्हाताऱ्या बाईलाही उत्पन्न देत होता, जिला कोणतीही कंपनी कामावर घेणार नाही.

तोडीपूर्वी प्रत्येक झाडाला क्रमांक पडतो. वनरक्षक फीत घेऊन छातीइतक्या उंचीवर घेर मोजतो, जात लिहितो आणि नोंदवहीत उतरवितो. लाखाहून अधिक झाडांसाठी हे काम करावेच लागते, त्याला माणसे लागतात आणि महिने लागतात. त्याच नोंदवहीत घेराच्या शेजारी आणखी दोन रकाने आखावेत: झाडावर आमरी आहे किंवा नाही, आणि या झाडाची फुले वा फळे कोणाच्या घरी जातात. पहिला रकाना भरावयास जवळच्या गावातली शाळकरी मुले पुरेशी आहेत. वर चढून पाहण्याचे कौशल्य त्यांच्यापाशी वनस्पतिशास्त्राच्या पदवीधरांहून अधिक असते. दुसरा रकाना गावातल्या बायका एका दुपारी सांगून टाकतील. ही नोंद ग्रामसभेपुढे वाचली जावी आणि तोडीचा शिक्का त्यानंतर पडावा. मोसमी पाऊस एटापल्लीत जूनच्या मध्यास येतो; त्याआधी ही वाचने झाली नाहीत, तर तोडलेले लाकूड ओंडक्यांसह आगारात पोहोचते आणि त्याच्या सालीवर आणखी काही आठवडे हिरवी राहिलेली रास्नेची पाने कोणत्याच वहीत उतरत नाहीत.